समुद्रकिनाऱ्यावरची हिवाळी पक्षीफेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावर पक्षी पाहायला नव्याने निघालेली माणसं जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एक गोष्ट मात्र बऱ्याच उत्तरांत भेटेल: किनाऱ्यावर पक्ष्यांच्या मागे जायचं नसतं. योग्य वेळी योग्य जागी थांबलं, की भरतीचं पाणीच त्यांना आपल्याकडे आणतं.

हिवाळ्यातच का जायचं?

कारण तेव्हा किनाऱ्यावर पाहुणे असतात. चिखलात आणि ओल्या वाळूत चरणारे बहुतेक लांब पायांचे पक्षी, ज्यांना पक्षीनिरीक्षक सरसकट ‘वेडर’ म्हणतात, त्यांची घरटी उत्तरेकडे असतात: कुणाची सायबेरियाच्या टुंड्रात, कुणाची मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर, कुणाची युरोपच्या दलदलींत. टुंड्रातला उन्हाळा तर जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. तेवढ्यात अंडी, पिल्लं सगळं उरकायचं आणि जमीन गोठायच्या आत दक्षिणेची वाट धरायची. लिटल स्टिंट हा पक्षी 20 ते 30 ग्रॅम वजनाचा असतो, आणि तोही आर्क्टिकच्या काठावरून येतो.

या प्रवासाचा आवाका कळावा म्हणून एकच उदाहरण देतो. ऑक्टोबर 2022 मध्ये बार-टेल्ड गॉडविट या वेडर जातीचं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्कातून निघालं आणि थेट टास्मानियात उतरलं. पाठीवर बसवलेल्या उपग्रह-ट्रान्समीटरमुळे ही नोंद मिळाली: 13,560 किलोमीटर, 11 दिवस, वाटेत एकही थांबा नाही. अशा उड्डाणाआधी हे पक्षी इतकं खातात की वजनाचा निम्म्याहून जास्त भाग चरबीचा होतो. आतडी, जठर, यकृत हे अवयव मात्र आकसतात, कारण हवेत त्यांचं ओझं नको असतं. किनाऱ्यावर समोर चरणारा पक्षी असा प्रवास करून आलेला असतो, किंवा पुढच्या प्रवासाची तयारी करत असतो. हे डोक्यात ठेवून पाहिलं की त्याच्या प्रत्येक घासाला अर्थ येतो.

भरती-ओहोटी बघून जा म्हणतात. म्हणजे नक्की कधी?

पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जागेवर पोहोचा. संपूर्ण फेरीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. दुर्बीण साधी असली तरी निभावतं, वेळ चुकली तर निभावत नाही.

पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखुरतात. आपल्याला दिसतात ते क्षितिजाजवळचे ठिपके. मग पाणी चढू लागतं, चरायची जागा आक्रसत जाते आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने किनाऱ्याकडे सरकतात. आपण आधीपासून शांत बसलेलो असलो तर ते आपणहून जवळ येतात. शेवटी चिखल पाण्याखाली गेला की सगळे एखाद्या उंच वाळूच्या पट्ट्यावर, खडकांवर, बांधावर किंवा मिठागरात दाटीने उभे राहतात. ही त्यांची विश्रांतीची जागा. पाणी उतरू लागलं की हाच क्रम उलटा होतो. तेव्हाही चांगलं दिसतं, पण ओहोटीबरोबर पक्षी लांब जात राहतात.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. गेल्या रविवारी जमलेली वेळ या रविवारी चालेलच असं नाही. काही किनाऱ्यांवर तर दिवसातून एकच भरती येते. तेव्हा त्या जागेचं भरतीचं कोष्टक पाहूनच दिवस ठरवा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं, चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी मोजक्या जागी गोळा होतात. मोजणीसाठी हे दिवस उत्तम. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. चिखलाचा काही भाग उघडाच राहतो, त्यामुळे पक्षी फारसे हलत नाहीत. पहिल्या फेरीसाठी मी उधाणाच्या एक-दोन दिवस अलीकडचा किंवा पलीकडचा दिवस सुचवेन.

सकाळी जावं की संध्याकाळी?

आधी भरती, मग ऊन. सूर्य पाठीशी हवा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळ चांगली, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर दुपारनंतरची वेळ चांगली. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या तेवढ्या दिसतात आणि पायांचा रंग कळत नाही. ओळख पटवायला तर तोच लागतो. दुपारी वाळू तापली की हवा थरथरते आणि लांबचं काहीच स्पष्ट दिसत नाही. ही थरथर महागड्या भिंगानेही थांबत नाही.

कोणती दुर्बीण घ्यावी?

8x42. यातला 8 म्हणजे किती पट मोठं दिसेल, आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 10x42 मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि दिसणारं क्षेत्र लहान होतं. किनाऱ्यावर वारा असतोच, त्यामुळे नवख्याला 8 जास्त मानवतं. रोज किनारा पाहणाऱ्याला पुढे कधीतरी 20-60 पट झूमचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, आणि जड तिवई हवीशी वाटेल. सुरुवातीला त्याची गरज नाही. कुणाकडे असेल तर आळीपाळीने पाहा.

घरी आल्यावर भिंगावरचे वाळूचे कण आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने काढा, मगच पुसा. वाळूसकट पुसलं तर भिंगावर कायमचे ओरखडे उठतात. बाहेरचा भाग किंचित ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे मीठ साचणार नाही.

आणखी काय बरोबर घ्यावं?

वारा अडवणारं जाकीट, टोपी, पाणी, वही आणि पेन्सिल. कपडे मातकट रंगाचे. पायांत तळ पक्का असलेले बूट, कारण शेवाळलेले खडक निसरडे असतात आणि त्यांवरची कालवं पाय चिरतात. बसायला एखादी छोटी घडीची चटई असेल तर फारच उत्तम. बसलेल्या माणसाला पक्षी उभ्या माणसापेक्षा लवकर स्वीकारतात.

सगळेच करडे-तपकिरी दिसतात. ओळखायचे कसे?

ही तक्रार अगदी रास्त आहे. विणीच्या काळातले विटकरी, काळे, सोनेरी रंग हिवाळ्यात उतरतात आणि बहुतेक वेडर वरून करडे, खालून पांढरे होतात. म्हणून रंगापासून सुरुवात करू नका. पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

आधी चाल. प्लोव्हर, म्हणजे चिखल्या, चार पावलं धावतो, थबकतो, पाहतो आणि टिपतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड असते, कारण तो नजरेने शिकार करतो. सँडपायपर, म्हणजे तुतारीच्या गोतावळ्यातले पक्षी, मान खाली घालून चिखलात सतत टोचत पुढे जातात, कारण त्यांचा भर स्पर्शावर असतो. एवढा एक फरक पक्का झाला की समोरचा घोळका अर्धा सुटतो. लाटेच्या फेसामागे पळत जाऊन पुढची लाट आली की परत पळणारे पांढुरके पक्षी दिसले तर ते सँडरलिंग. दगड, शेवाळ उलटवत हिंडणारा तो टर्नस्टोन.

मग चोच. डोक्याच्या लांबीशी तुलना करा: आखूड, तेवढीच, दुप्पट की त्याहूनही लांब? सरळ, खाली वळलेली की वर वळलेली? वर वळलेली चोच आणि पिवळसर-नारिंगी आखूड पाय असतील तर टेरेक सँडपायपर. खूप लांब, खाली वाकलेली चोच असेल तर कर्ल्यू. तशीच पण आखूड चोच आणि डोक्यावर गडद पट्टे असतील तर व्हिम्ब्रेल.

त्यानंतर पायांचा रंग. आणि शेवटी, पक्षी उडालाच तर पंख. रेडशँकच्या पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी चमकते. ग्रीनशँकचे पंख गडदच राहतात, पण पाठीवर पांढरं पाचर वर चढलेलं दिसतं. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखांवर ठळक पांढरा पट्टा असतो, बार-टेल्डच्या नसतो. ग्रे प्लोव्हर उडाला की बगलेतला काळा डाग दिसतो, आणि तेवढ्यावर ओळख पक्की होते.

काही कोडी मात्र जाणकारांनाही अवघड जातात. लेसर सँड प्लोव्हर ही एकच जात मानली जायची. आता तिच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती मानल्या जातात, आणि हिवाळी पिसाऱ्यात त्या वेगळ्या करणं फार कठीण आहे. अशा वेळी वहीत ‘सँड प्लोव्हर’ एवढंच लिहा. अर्धवट पण खरी नोंद ही पूर्ण पण अंदाजाच्या नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

कुरव आणि सुरय यांत फरक काय?

कुरव म्हणजे गल: भरदार अंग, रुंद पंख, पाण्यावर निवांत तरंगणारा. सुरय म्हणजे टर्न: सडपातळ, टोकदार पंखांचा, हवेत थबकून सूर मारणारा. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं काळं नसतं. डोळ्यामागे फक्त गडद ठिपका उरतो, आणि यामुळे नवखे हमखास गोंधळतात. तपकिरी डोक्याचा कुरव जवळपास तसाच दिसतो, पण त्याचा डोळा फिका असतो आणि पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात. कुरवांना प्रौढ पिसारा यायला जातीनुसार दोन ते चार वर्षं लागतात, म्हणून एकाच थव्यात ठिपकेदार तपकिरी आणि स्वच्छ करडे पक्षी शेजारी शेजारी दिसतात.

एकाच चिखलात इतक्या तऱ्हेच्या चोची कशासाठी?

अन्न वेगवेगळ्या खोलीवर असतं म्हणून. प्लोव्हर वरवरचं टिपतो, मध्यम चोचीचे पक्षी काही सेंटिमीटर खालचे किडे आणि शिंपले काढतात, कर्ल्यू खोल बिळातल्या किड्यांपर्यंत पोहोचतो. कर्ल्यूमध्ये मादीची चोच नरापेक्षा लांब असते.

आणि या चोची निव्वळ चिमटे नाहीत. सँडपायपर कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या पेशींची दाट वस्ती असते. बरेचसे वेडर चिखलात चोच रुतलेली असतानाच फक्त तिचं टोक उघडू शकतात. याच कुळातल्या रेड नॉट या पक्ष्याची गोष्ट तर विलक्षण आहे. तो ओल्या वाळूत चोच खुपसतो तेव्हा कणांमधल्या पाण्यावर दाब पडतो. आत शिंपल्यासारखी टणक वस्तू असेल तर तो दाब वेगळ्या तऱ्हेने पसरतो, आणि चोचीला तो फरक कळतो. शिंपल्याला न शिवताही तिथे काहीतरी आहे हे त्याला समजतं.

पक्ष्यांच्या किती जवळ जावं?

मीटरमध्ये उत्तर देता येत नाही, पण पक्षी स्वतः सांगतात. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर काढल्या, झोपलेल्यांनी चोची पिसांतून बाहेर काढल्या, सगळे आपल्यापासून दूर चालू लागले, की आपण जास्त जवळ आलो आहोत. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या, बसा. उडण्याची वाट पाहू नका.

यावर इतका भर का, ते सांगतो. ज्या पक्ष्याला मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर जायचं आहे, त्याला रोज ठरावीक चरबी साठवावीच लागते, आणि चिखल दिवसाचे काही तासच उघडा असतो. उड्डाण ही त्याची सर्वांत खर्चिक हालचाल. एकदा उठवलं तर चरण्याचा वेळही गेला आणि साठवलेलं इंधनही. आपल्यासाठी ती एकच घटना असते, पण त्या थव्याला त्याच सकाळी आपल्यामागून येणारा कुत्रा, पळणारी मुलं, डोक्यावरचा ड्रोन असं सगळं सोसायचं असतं. भरतीच्या वेळी विश्रांतीला बसलेला थवा तर कधीच उठवू नये. त्याला जायला दुसरी जागा उरलेली नसते.

म्हणून फेरीत दहा-बारा माणसं असतील तर पसरून चालू नका, एका रांगेत किनाऱ्याच्या वरच्या बाजूने चाला. पक्षी आणि पाणी यांच्या मध्ये कधीही शिरू नका. कुत्रा घरी ठेवा.

फोटो काढायचे आहेत. मग?

भरती चढताना पोटावर झोपा आणि थांबा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून आलेला फोटो उभ्याने काढलेल्या फोटोपेक्षा नेहमी सरस असतो, आणि आडव्या माणसाला पक्षी कमी घाबरतात. थव्याचं उड्डाण टिपायला तो मुद्दाम उडवणं मला अजिबात मान्य नाही. ड्रोनही नको.

पक्षी एका पायावर का उभे राहतात? थवा एकदम उसळतो तो कशाने?

उघड्या पायांतून उष्णता जाते. एक पाय पिसांत घेतला की ती वाचते. त्यामुळे एकपायी पक्षी पाहून तो लंगडा आहे असं समजू नका. कुरवाच्या चोचीच्या टोकाशी थेंब दिसला तर तो सर्दीचा नव्हे. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ बाहेर काढतात आणि ते नाकपुड्यांतून खाली येतं. म्हणूनच त्याला समुद्राचं पाणी पिता येतं.

कुणी जवळ गेलेलं नसताना हजारो पक्षी एकाच वेळी उसळले तर लगेच वर पाहा. बहुधा बहिरी ससाणा असतो. थवा दाट होऊन झपाट्याने वळत राहतो, कधी पांढरा चमकतो, कधी करडा, म्हणजे शिकाऱ्याला एका पक्ष्यावर नजर ठेवता येत नाही.

चिखलात उतरलं तर चालेल का?

नको. वरून घट्ट दिसणाऱ्या चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत सहज रुततो आणि ओढाताणीत आणखी खाली जातो. दुसरा धोका पटकन लक्षात येत नाही: भरतीचं पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. ते आधी खोलगट ओढ्यांत शिरतं आणि आपल्या मागची वाट बंद करतं. वाळूच्या पट्ट्यावर किंवा खडकावर बसला असाल तर परतीच्या वाटेकडे दर थोड्या वेळाने पाहत राहा, भरतीची वेळ माहीत असू द्या, आणि कुठे जाताय ते घरी सांगून निघा.

लहान मुलांना किंवा फार चालता न येणाऱ्यांना नेता येईल का?

हो, आणि जरूर न्या. भरतीच्या फेरीत चालणं कमी आणि थांबणं जास्त असतं. किनाऱ्यालगत रस्ता किंवा बांध असेल तर गाडीतूनच पाहा. पक्षी गाडीला माणसाइतके घाबरत नाहीत. मुलांना नावं पाठ करायला लावू नका. कोण धावतो, कोण टोचतो, कोण दगड उलटवतो, एवढं शोधायला सांगा.

फेरीबरोबर किनारा स्वच्छ केला तर?

प्लास्टिक आणि मासेमारीची तुटलेली जाळी-दोरे जरूर उचला. दोरे पायांत अडकून पक्षी मरतात. मात्र भरतीच्या रेषेवर साचलेलं शेवाळ आणि पालापाचोळा तसाच राहू द्या. त्याखाली उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव आणि माश्यांच्या अळ्या वाढतात, आणि बरेच पक्षी त्यांवर जगतात. यंत्राने विंचरलेला किनारा पक्ष्यांसाठी ओसाड होतो.

हजारोंचा थवा मोजायचा कसा? नोंद द्यायची कुठे?

आधी दहा पक्षी नीट मोजा आणि दहा पक्षी केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा. मग तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. मोठ्या थव्यात हेच शंभराच्या तुकड्यांनी करा. दोघांनी स्वतंत्र मोजून मग आकडे जुळवले तर अंदाज लवकर सुधारतो.

नोंद ईबर्डवर टाकता येते. 2002 मध्ये सुरू झालेल्या या जागतिक नोंदवहीत वेळ, ठिकाण आणि दिसलेले सगळे पक्षी लिहायचे असतात, फक्त दुर्मीळ तेवढे नव्हेत. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना होते. ती 1967 पासून चालू आहे, आणि तिची आशियाई शाखा 1987 पासून. तुमच्या जवळच्या गटात सामील झालात तर एका दिवसात वर्षभराचं शिकून होतं.

पायात रंगीत कडी किंवा झेंडी असलेला पक्षी दिसला. काय करायचं?

रंग, झेंडी कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली, त्यावरची अक्षरं-आकडे, हे सगळं लगेच लिहा. जमलं तर फोटो घ्या. पक्ष्याचा उजवा पाय आणि आपल्याला दिसणारी उजवी बाजू यांत गल्लत होऊ देऊ नका. झेंडीच्या रंगावरून ती कुठे बसवली ते कळतं. उदाहरणार्थ, वायव्य ऑस्ट्रेलियात पिवळी आणि व्हिक्टोरियात नारिंगी झेंडी वापरतात. माहिती त्या भागातल्या पक्षी-कडी योजनेकडे, म्हणजे पक्ष्यांना खुणेची कडी घालून त्यांचा माग ठेवणाऱ्यांकडे, पाठवा. डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने 1899 मध्ये मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांना पत्ता कोरलेली कडी घातली, तेव्हापासून ही पद्धत अनोळखी माणसांनी कळवलेल्या नोंदींवरच उभी आहे.

जखमी किंवा मेलेला पक्षी सापडला तर?

मेलेल्याला हात लावू नका. बर्ड फ्लूचा धोका खरा आहे. एकाच ठिकाणी अनेक मेलेले पक्षी दिसले तर वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय विभागाला लगेच कळवा. पायात कडी असेल तर हात न लावता आकड्याचा फोटो घ्या. जखमी पक्षी असेल तर अंतर ठेवा, माणसांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, आणि प्रशिक्षित बचाव गटाला बोलवा. पाणी पाजायला जाऊ नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

हे पक्षी खरंच कमी होत आहेत का?

हो. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू सायबेरियात वीण करून भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळा काढायचा. त्याची शेवटची निर्विवाद नोंद 1995 ची, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. त्यानंतर लोकांनी अनेक देशांत त्याला शोधलं. तो सापडला नाही, आणि 2025 मध्ये आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या जातींची यादी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. आज जगणाऱ्या माणसांनी दुर्बिणीतून पाहिलेला पक्षी आता कुठेच नाही.

कारणांत शिकार आहे, आणि चिखलपट्टे बुजवणं हेही फार मोठं कारण आहे. दक्षिण कोरियात सेमांगम इथे 33 किलोमीटरचा समुद्री बांध 2006 मध्ये पूर्ण झाला आणि प्रचंड चिखलपट्टा भरती-ओहोटीपासून तुटला. ग्रेट नॉट हा पक्षी तिथे मोठ्या संख्येने थांबायचा. आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. प्रवासी पक्ष्याची एक साखळी असते. वाटेतला एक थांबा गेला की दोन्ही टोकांचं संरक्षण अपुरं पडतं. उलट उदाहरणही आहे: चीनने 2018 मध्ये किनारे बुजवण्याच्या व्यावसायिक प्रकल्पांना मंजुरी देणं थांबवलं, आणि पिवळ्या समुद्राकाठच्या काही चिखलपट्ट्यांना 2019 पासून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अशा निर्णयांमागे वर्षानुवर्षांच्या साध्या मोजणीचे आकडे असतात.

मार्चनंतर किनाऱ्यावर यायचं कारण उरतं का?

मार्च-एप्रिल तर चुकवूच नका. निघण्याआधी पक्षी विणीचे रंग चढवू लागतात. करडा सँड प्लोव्हर विटकरी छातीचा होतो, ग्रे प्लोव्हरचं पोट काळंभोर होतं. हिवाळाभर ज्यांनी छळलं ते पक्षी या दिवसांत पटापट ओळखू येतात. त्यानंतरही किनारा रिकामा होत नाही. अनेक जातींची पहिल्या वर्षातली पिल्लं उत्तरेला जातच नाहीत, तो उन्हाळा इथेच काढतात. मे-जूनमध्ये चिखलावर कर्ल्यू दिसला तर वाट चुकला असं समजू नका. त्याची नोंद जरूर करा, कारण त्या महिन्यांत किनाऱ्यावर मोजायला फार कमी माणसं जातात.